रेव्हरंड टिळक : आपल्या चालीत देवाचे भजन



आपल्या गायनवृंदाची जुनी वही तुम्ही पाहिली असेल. पुठ्ठा सुटलेला, पानांवर मेणबत्तीचे डाग, कडा दुमडलेल्या. त्या वहीत काही गीतांखाली बारीक अक्षरात 'ना. वा. टि.' एवढेच लिहिलेले आहे. गेल्या नाताळाच्या तालमीत एका मुलाने विचारले, ही अक्षरे कशाची? कोणी सांगितले, पेटीच्या पट्टीची खूण असेल. कोणी म्हटले, वही लिहून काढणाऱ्याचे नाव असेल. आम्हाला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. ज्याची गीते आपण इतकी वर्षे गातो त्याचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नाही, हा दोष मुलांचा नव्हे. म्हणून या रविवारी त्या तीन अक्षरांमागच्या माणसाची ओळख करून घेऊ या. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

पहिल्यांदाच सांगून टाकतो की टिळक कॅथलिक नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट. आपल्या पत्रकात त्यांचे चरित्र कशाला, असे कोणाला वाटेल. पण गीत गाताना आपण कधी ते कोणत्या मिशनचे हे विचारले नाही, मग गीत लिहिणाऱ्याविषयी वाचताना तरी का विचारावे?

या गोष्टीची सुरुवात खरे तर फार लांब, जर्मनीत होते. मार्टिन लूथर हे नाव आपल्याकडे बहुधा भांडणाच्या संदर्भात येते. ते भांडण झाले, ख्रिस्तसभा दुभंगली, हे खरे आहे आणि दुःखाचे आहे. परंतु लूथर यांनी आणखी एक काम केले. त्या काळी उपासना लातिन भाषेत चाले. सामान्य शेतकरी, सुतार, लोहार, त्यांच्या बायका मंदिरात उभे राहत. गाणारे गात आणि हे ऐकत. लूथर यांनी १५२४ साली लोकांच्या भाषेतील गीते छापून काढायला सुरुवात केली आणि १५२६ मध्ये जर्मन भाषेतील उपासनाविधी दिला. ते स्वतः गीते रचत आणि त्यांना चालीही लावत. त्यामुळे मंदिरात बसलेला माणूस स्वतः गाऊ लागला. आपल्या सभेने हीच वाट पुढे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेत मोकळी केली. ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत झाला, लोकभाषेला आणि त्या त्या देशाच्या संगीताला उपासनेत स्थान मिळाले. १९६९ मध्ये भारतातील धर्माध्यक्षांच्या विनंतीवरून जमिनीवर बसणे, पंचांग प्रणाम, आरती, समई अशा बारा गोष्टींना रोमहून मान्यता आली. आपला धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला तेव्हा मराठी मिस्सा रूढ झालेली होती. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी लातिन मिस्सा पाहिलेलीच नाही. मराठीत प्रार्थना करणे, पेटी-तबल्यावर गाणे हे आपल्याला पाण्यासारखे फुकट मिळाले.

महाराष्ट्रात मात्र त्याची किंमत कोणीतरी मोजली होती.

नारायण टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव या खेड्यात, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव कडक स्वभावाचे. आई जानकीबाई भक्तिमान होती, तिच्याकडूनच मुलाला गाण्याची आणि कवितेची गोडी लागली. अकरा-बारा वर्षांचा असताना आई वारली. त्यानंतर घरात मन रमेना म्हणून हा मुलगा घर सोडून नाशिकला गेला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. पुढे १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही मुलगी त्यांना दिली. तिचे सासरचे नाव लक्ष्मीबाई. तीच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणारी लक्ष्मीबाई टिळक. टिळकांविषयी आपल्याला जे काही ठाऊक आहे त्यातले पुष्कळसे त्या माउलीने लिहून ठेवले म्हणूनच.

टिळक एका जागी टिकणारे नव्हते. आज येथे शिक्षक, उद्या तेथे कीर्तनकार, परवा कोठे गेले ते घरच्यांनाही ठाऊक नसायचे. रागीट होते, मन मोठे होते आणि हातात पैसा आला की तो दुसऱ्याच्या हातात कधी गेला हे कळत नसे. संसार लक्ष्मीबाईंनी ओढला. थोरांच्या चरित्रात अशा गोष्टी झाकायची रीत आहे, पण लक्ष्मीबाईंनी स्वतः काही झाकले नाही, मग आम्ही कशाला झाकावे?

नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले, 'ऋषी' नावाचे मासिक चालवले. या काळात त्यांच्या मनात धर्माविषयी खळबळ चालू होती. जातिभेद त्यांना सहन होत नव्हता. सगळ्या माणसांना सामावून घेईल असा धर्म आपणच काढावा, असाही विचार त्यांनी केला होता. १८९३ साली राजनांदगावला नोकरीसाठी जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाची गाठ पडली. गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते पटले नाही, पण दिलेला शब्द पाळायचा म्हणून ते पुस्तक वाचू लागले. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथून त्यांना उठवेना.

त्यांनी मुंबईच्या रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. हे अ‍ॅबट साहेबही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पुढच्या आयुष्यात त्यांनी महाराष्ट्रातल्या संतांची चरित्रे इंग्रजीत नेण्याचे काम केले. परदेशातून आलेला माणूस आपल्या संतांच्या पायाशी बसला, आणि इथला शास्त्री डोंगरावरील प्रवचनाशी. देवाच्या वाटा अशा एकमेकींना छेद देत जातात.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो एतद्देशीय पाळकाच्याच हातून व्हावा असा त्यांचा आग्रह होता, आणि रेव्हरंड तुकाराम नथूजी यांनी तो दिला. पाहायला ही गोष्ट लहान. पण तिच्यात पुढचे सगळे टिळक आहेत. ख्रिस्ताकडे जाताना त्यांना साहेब व्हायचे नव्हते.

घरी मात्र आकाश कोसळले. त्या काळी ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे जिवंतपणी मरणे. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांच्या आश्रयाला राहिल्या, कधी नाशिकला, कधी पंढरपूरला. नवरा जिवंत असून त्या एकट्या पडल्या. जीव द्यावा असे विचार त्यांच्या मनात येऊन गेले. टिळक पत्रे पाठवत, कविता पाठवत, परत बोलवत. पण तुझा धर्म सोड असे कधी म्हणाले नाहीत. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याजवळ आल्या, त्याही आपला धर्म आणि सोवळेओवळे सांभाळूनच. चूल वेगळी, पाणी वेगळे. मग हळूहळू त्यांचे त्यांनाच उमगले की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्या आहेत. ज्या बाईला दुसऱ्याच्या हातचे पाणी चालत नव्हते तिच्या घरात पुढे कोणत्याही जातीची अनाथ मुले वाढली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आम्हाला विचाराल तर या दोघांत मोठा प्रवास लक्ष्मीबाईंचा. टिळकांनी एका झेपेत ओढा ओलांडला, त्या एकेक दगड चाचपत पार गेल्या.

आता उपासनेकडे येऊ.

टिळक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले. १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत तेव्हा ख्रिस्ती मंडळ्या वाढत होत्या. बहुतेक भाविक महार-मांग समाजातले, कष्टकरी, वाचता न येणारे. रविवारी ते मंदिरात येत आणि त्यांच्या हाती गीतांचे पुस्तक पडे. त्यातली बरीच गीते इंग्रजीवरून मराठीत आणलेली आणि इंग्रजी चालीवर बसवलेली होती. ही गीते करणाऱ्या मिशनरींची कळकळ खरी होती, त्यांनी आपली भाषा कष्टाने शिकली होती. पण चाल एका भाषेची आणि शब्द दुसऱ्या भाषेचे असले की काय होते ते गाणाऱ्यालाच ठाऊक. मराठीत जो स्वर ऱ्हस्व, तोच चालीत लांबतो, महत्त्वाचा शब्द घाईत गिळला जातो आणि बिनमहत्त्वाचे अक्षर डोक्यावर चढून बसते. शिवाय चार ओळींचे कडवे पुस्तकात पाहूनच म्हणायचे. ज्याला वाचता येत नाही त्याने ओठ हलवायचे.

याच माणसांच्या घरी काय होते? एकतारी, टाळ, ढोलकी. जात्यावरची ओवी. रात्री पारावर भजन. भजनात एकजण ओळ म्हणतो आणि बाकीचे ती उचलतात. पुस्तक लागत नाही, दिवा लागत नाही, अक्षरओळख लागत नाही. दोनदा कानावर पडली की ओळ आपली होते. म्हणजे ज्याला शाळेत निरक्षर म्हणत तो भजनात पंडित होता, आणि मंदिराच्या दारात आल्यावर पुन्हा निरक्षर होत होता.

टिळकांच्या आधी हे कोणाला दिसलेच नव्हते असे नाही. नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी मराठी चालींवर गीते आणि ख्रिस्ती कीर्तने रचली होती, आणि लोक ती आवडीने ऐकत. काहींना मात्र धास्ती वाटे. ज्या चालीवर काल विठ्ठलाचे नाव घेतले, तीच चाल आज येशूच्या नावाला लावली तर मन मागे ओढले जाणार नाही का? ही शंका अगदीच खोटी नव्हती. नव्याने विश्वासात आलेल्या माणसासाठी जुने सूर म्हणजे जुने घर असते.

टिळकांनी हा वाद घालत बसण्यापेक्षा गीते लिहिली. लहानपणापासून ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम त्यांच्या ओठावर होते. विशेषतः तुकोबांचे ऋण ते उघडपणे मान्य करत. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. त्यांनी अभंग, पदे, आरत्या, ओव्या लिहिल्या. प्रभू येशूला त्यांनी माउली म्हटले, गुरू म्हटले, सखा म्हटले. वारकऱ्याने विठाईला जी नाती लावली ती त्यांनी ख्रिस्ताला लावली. नावाच्या जागी नाव घालण्याचा हा प्रकार नव्हता. डोंगरावरील प्रवचन वाचून जो माणूस ढवळून निघाला होता त्याचा स्वतःचा अनुभव त्या शब्दांत होता. म्हणूनच शंभराहून जास्त वर्षांनंतर ती गीते शिळी झालेली नाहीत.

पुढे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात सर्वात मोठा वाटा टिळकांचाच राहिला. नगरच्या मंडळ्यांनी ती उचलली, मग मुंबई-पुण्याच्या, मग इतर मिशनांच्या. आणि कोणी ठराव न करता ती आपल्याही वहीत येऊन बसली.

टिळकांची आणखीही ओळख आहे. 'वनवासी फूल' लिहिणारे, 'केवढे हे क्रौर्य' या कवितेत बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीचे दुःख सांगणारे, मुलांवर आणि फुलांवर जीव लावणारे कवी म्हणून सगळा महाराष्ट्र त्यांना मानतो. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. १९१२ पासून अखेरपर्यंत टिळक 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक होते. जुन्या शाळेत शिकलेल्या आजोबांना विचारा, त्यांची एखादी तरी कविता पाठ निघेल.

त्यांच्या मनात एक मोठे काम होते. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' लिहायचे, येशूचे चरित्र मराठी माणसाला त्याच्या चालीत द्यायचे. येथे आपल्या वाचकांना फादर थॉमस स्टीफन्स आठवतील. या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने गोव्यात राहून मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. म्हणजे मराठीत येशूची कथा गाण्याचा पहिला मान आपल्या सभेकडे आहे. पण मान आपल्याकडे असून पुढे आपणच ते पुराण विसरलो, हेही मान्य करू. फादर स्टीफन्स १६१९ साली वारले, टिळक १९१९ साली. मध्ये बरोबर तीनशे वर्षे गेली. टिळकांचे 'ख्रिस्तायन' मात्र थोडेच अध्याय लिहून अपुरे राहिले. ते पुरे केले कोणी? ज्या बाईला लग्न झाले तेव्हा धड लिहिता-वाचता येत नव्हते त्या लक्ष्मीबाईंनी. त्या २४ फेब्रुवारी १९३६ रोजी वारल्या आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला.

आयुष्याच्या शेवटी टिळकांनी पुन्हा एकदा घर सोडले म्हणायला हरकत नाही. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला. साताऱ्याला 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, पण ख्रिस्ताला गुरू मानणारे, अशा सर्वांनी भावंडांसारखे एकत्र यावे अशी ती कल्पना होती. मिशनच्या लोकांना ती झेपली नाही, आणि खरे सांगायचे तर आपल्या सभेच्या शिकवणुकीतही ती जशीच्या तशी बसत नाही. बाप्तिस्मा आपण एवढा हलका मानू शकत नाही. पण त्यांच्या मनातली कळ समजून घ्यावी. ख्रिस्ती झालेला माणूस आपल्या गावापासून तुटतो, त्याचे सणवार तुटतात, बोलणे बदलते, हे त्यांना सलत होते. लक्ष्मीबाईंच्या एकटेपणात त्यांनी ती किंमत डोळ्यांनी पाहिली होती.

साताऱ्याचे नाव निघाले म्हणून जाता जाता सांगतो. आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबेत जन्मलेले समर्थ रामदास अखेरीस साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर राहिले. त्याच मुलखात दोन-अडीचशे वर्षांनी टिळकांनी आपला दरबार मांडला. आणि आपल्या जालन्यातही त्यांच्या आधीच्या पिढीत रेव्हरंड नारायण शेषाद्री या दुसऱ्या ब्राह्मण ख्रिस्ती पाळकाने बेथेल ही वसाहत उभी केली होती. आपल्या भागातल्या कितीतरी जुन्या ख्रिस्ती घराण्यांच्या आठवणी तिथवर जातात. त्यांच्यात आणि आपल्यात सोयरिकी आहेत, रुसवेफुगवेही आहेत. लग्न कोणत्या मंदिरात लागायचे यावरून बैठका मोडल्याचे कोणाला आठवत नाही?

दरबाराला टिळकांना फार दिवस मिळाले नाहीत. प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. गीते टिकली.

कॅथलिक आणि लूथरन मंडळींनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे तारणाविषयीच्या जाहीरनाम्यावर एकत्र सह्या केल्या. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस स्वीडनमधल्या लुंड येथे जाऊन लूथरन बांधवांबरोबर प्रार्थनेला उभे राहिले. वर्तमानपत्रात फोटो आले तेव्हा आपल्याला वाटले, केवढी मोठी घटना! घटना मोठीच होती. पण आपल्या गायनवृंदाच्या वहीत ही भेट फार आधी झाली होती, कोणाच्या लक्षात न येता.

हल्ली आपल्या मंदिरात नवी अडचण आली आहे. कीबोर्ड आला, मोठे स्पीकर आले. तरुण मुले मोबाईलवरून हिंदी गीते उतरवून घेतात आणि हौसेने बसवतात. आम्ही त्यांच्या विरुद्ध नाही. पोरे मंदिरात येतात, गातात, हे काय थोडे झाले? पण त्या गीतांना मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नुसते ओठ हलवतात, हे आम्ही दोन-तीन रविवार मुद्दाम मागे बसून पाहिले. मागच्या महिन्यात वीज गेली. कीबोर्ड बंद, स्पीकर बंद, सगळे गप्प. अर्पणाची वेळ झालेली. तेव्हा शेवटच्या ओळीतून एका आजीने टिळकांचा एक अभंग सुरू केला, हळू, थोडा खालच्या पट्टीत. पहिली ओळ तिने एकटीने म्हटली. दुसऱ्यांदा बायकांनी उचलली. तिसऱ्यांदा पुरुषांनी, आणि मग कीबोर्डजवळच्या मुलांनीही. फादर वेदीपाशी थांबून राहिले, ओळ संपेपर्यंत.

त्या मुलांपैकी दोघे परवा वही मागायला आले होते. तीच गीते नीट उतरवून घ्यायची म्हणाले. वही त्यांना दिली आहे. ती सध्या तालमीच्या खोलीतल्या कपाटात नाही, म्हणून कोणी शोधू नये. गीतांखाली पूर्ण नाव लिहायला आम्ही त्यांना सांगितले आहे.